दोन थेंब, आणि आईला न सांगितलेलं

प्रश्न : डॉक्टर, माझी आई ६२ वर्षांची आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. दर तीन आठवड्यांनी एक, अशा दोन सायकल झाल्या. लाल रंगाचं एक औषध असतं आणि त्याच्यासोबत आणखी एक. केमोच्या दिवशी ती तशी बरी असते, पण दुसऱ्या दिवसापासून चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत नुसतं ढवळत राहतं. दुसऱ्या सायकलनंतर तर दिवसाला पाच-सहा उलट्या झाल्या. घरी ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या दिल्यात, ‘उलटी झाली तर घ्या’ म्हणून. त्या दिवसांत पोटही साफ होत नाही. आता तर हॉस्पिटलच्या लिफ्टपाशी पोचलं तरी तिला उमळून येतं. वजन चार किलो उतरलंय. परवा म्हणाली, ‘पुढची केमो मला नको.’ तिला बीपीची गोळी आणि रात्री झोपेची गोळी चालू आहे.

माझ्या धाकट्या भावाने कुणाकडून तरी गांजाच्या तेलाची बाटली मिळवली आहे. त्याला आलेल्या मेसेजमध्ये लिहिलंय की केमोच्या उलट्यांवर काही देशांत डॉक्टरच हे देतात आणि याने गाठही विरघळते. आई आयुष्यात कसल्या नशेच्या वाटेला गेलेली नाही, ती ऐकायलाही तयार नाही. भाऊ म्हणतो, सांगायचंच कशाला, चमच्यात मिसळून देऊ. खरं सांगते, परवा रात्री ‘बघू तरी’ म्हणून त्याने दोन थेंब दिलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी आई अकरापर्यंत उठली नाही, उठल्यावर भिंत धरून चालत होती. पण उलटी झाली नाही. आईला हे माहीत नाही, तिच्या डॉक्टरांनाही नाही. पुढची सायकल नऊ दिवसांवर आहे. द्यावं की नाही?

उत्तर : थेट विचारलंत, थेट सांगते. त्या बाटलीतलं आणखी काही देऊ नका. फेकूही नका, झाकण घट्ट लावून बाजूला ठेवा, ती डॉक्टरांना दाखवायची आहे. मेसेजमधलं अर्धं मात्र खरं आहे, आणि त्या खऱ्या अर्ध्यामुळेच हे उत्तर एका ओळीत संपत नाही.

आधी त्या दोन थेंबांचा हिशेब करू. सायकल तीन आठवड्यांची, पुढची नऊ दिवसांवर. म्हणजे तुम्ही पत्र लिहिलंत तो केमोनंतरचा बारावा दिवस, आणि थेंब दिले ते दहाव्या रात्री. उलट्या चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत असतात असं तुम्हीच लिहिलंय. मग दहाव्या दिवसानंतर उलटी झाली नाही याचं श्रेय थेंबांना कसं द्यायचं? थेंबांनी जे केलं असावं ते मात्र लख्ख दिसतंय : अकरापर्यंत झोप आणि भिंतीचा आधार. बीपीची आणि झोपेची गोळी पोटात असताना वरून गांजातलं द्रव्य गेलं, की उभं राहताना रक्तदाब उतरतो, तोल जातो. रात्री बाथरूमला जाताना आई पडली असती आणि खुब्याचं हाड मोडलं असतं, तर उलट्या राहिल्या बाजूला, केमोचंच सगळं वेळापत्रक कोलमडलं असतं.

आता मेसेजमधलं खरं अर्धं.

केमोचं औषध आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींना डिवचतं. त्या पेशी सिरोटोनिन नावाचं द्रव्य सोडतात, व्हेगस नावाची लांबलचक नस तो निरोप मेंदूच्या तळाशी पोचवते आणि उलटीची यंत्रणा जागी होते. पहिल्या २४ तासांतला त्रास मुख्यतः या वाटेने येतो. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत सबस्टन्स पी नावाच्या दुसऱ्या द्रव्याचा हात मोठा असतो. ऑन्डान्सेट्रॉन सिरोटोनिनची वाट अडवतं. म्हणून तुमची आई केमोच्या दिवशी बरी आणि नंतर बेजार. तिच्या त्रासाचं वेळापत्रकच सांगतंय की एक दार बंद आहे आणि दुसरं सताड उघडं.

मेंदूच्या याच भागात आणखी एका जातीचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागा, असतात, त्यांना सीबी१ म्हणतात. गांजातला नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. तो या रिसेप्टरवर जाऊन बसतो आणि उलटीचे निरोप पुढे सरकवणारी द्रव्यं सुटण्याचं प्रमाण घटवतो. टीएचसी वेगळं करून त्याची रचना मांडली गेली १९६४ साली. ते शरीरात नेमकं कुठे काम करतं हे कळायला १९८८ उजाडलं. आपलं शरीर स्वतःच तसलं एक द्रव्य बनवतं हे १९९२ मध्ये सापडलं आणि शोधणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘आनंदामाइड’, आपल्या ‘आनंद’ शब्दावरून. नाव गोड आहे, पण टीएचसी मिळालेला प्रत्येकजण आनंदी होतो असं मात्र नाही. तुमच्या आईसारख्या, कधीच अशा वाटेला न गेलेल्या माणसाला ती बदललेली जाणीव अनेकदा भीतीसारखी वाटते.

तर, औषध म्हणून याचा वापर खरोखर झाला. १९७५ मध्ये केमोच्या रुग्णांना तोंडावाटे टीएचसी देऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात आत औषधच नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन औषधांना मान्यता दिली. एक ड्रोनॅबिनॉल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसीच, तिळाच्या तेलात विरघळवून कॅप्सूलमध्ये भरलेलं. दुसरं नॅबिलोन, टीएचसीच्या धर्तीवर रचलेला कृत्रिम रेणू. पण ही मान्यता कुणासाठी होती ते मेसेज पाठवणारे कधी लिहीत नाहीत. नेहमीच्या उलटीविरोधी औषधांनी ज्यांना पुरेसा आराम पडला नाही, त्यांच्यासाठी. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना द्या, असं ८५ सालीही कुणी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर काळ बदलला. १९९१ मध्ये ऑन्डान्सेट्रॉन आलं, २००३ मध्ये सबस्टन्स पीची वाट अडवणारं ॲप्रेपिटंट आलं, आणि केमोच्या वॉर्डातलं चित्र पालटलं. त्याआधी सिसप्लॅटिन हे केमोचं औषध लावलेल्या रुग्णाच्या उशाशी बादली असायचीच. २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी केमोच्या उलट्यांवरच्या कॅनाबिनॉइडचे, म्हणजे टीएचसी आणि त्याच्या जातीच्या औषधांचे, २३ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की खोट्या गोळीपेक्षा ही औषधं चांगली, प्रोक्लोरपेराझिनसारख्या जुन्या औषधांच्या साधारण बरोबरीची, आणि चक्कर, गुंगी, बिघडलेली मनःस्थिती यांमुळे मध्येच सोडून देणारे जास्त. आता यातली खोच बघा : ते सगळे अभ्यास १९७५ ते १९९१ मधले आहेत. म्हणजे सामना होता तो जुन्या गड्यांशी. आजच्या चार उलटीविरोधी औषधांच्या जोडणीशी (ती पुढे सांगते) त्यातल्या एकाचीही गाठ पडलेली नव्हती.

आजच्या काळातला चांगला पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. तिथल्या संशोधकांनी असे रुग्ण निवडले, ज्यांना नीट उलटीविरोधी औषधं देऊनही त्रास झाला होता. त्यांना टीएचसी आणि सीबीडी (गांजातलाच, पण नशा न आणणारा दुसरा घटक) समप्रमाणात असलेल्या, तपासलेल्या मात्रेच्या कॅप्सूल चालू औषधांच्या जोडीला दिल्या. एकही उलटी नाही आणि जादा औषधाची गरजही नाही, अशांचं प्रमाण २०२० च्या पहिल्या अहवालात १४ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेलं. २०२४ च्या मोठ्या अहवालात खोट्या कॅप्सूलवर ८ टक्के आणि खऱ्यावर २४ टक्के. साध्या भाषेत, दर सहा जणांमागे साधारण एकाला पुरता आराम. पहिल्या अहवालात जवळजवळ तिघांतल्या एकाला मध्यम किंवा तीव्र गुंगी, चक्कर, भांबावलेपण असा त्रास झाला, आणि तरीही ८३ टक्के म्हणाले, आम्हाला हेच हवं. हा आकडा मला फार बोलका वाटतो. पाच दिवस ओकाऱ्या काढलेल्या माणसाला थोडी चक्कर परवडते. परवडते की नाही, हे मात्र त्या माणसाने ठरवायचं असतं, त्याच्या मुलाने नव्हे. यावर पुन्हा येते.

त्याच २०२४ साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शन दिलं : जास्त किंवा मध्यम उलट्या आणणारी केमो चालू आहे, नियमाप्रमाणे सगळी औषधं दिली आहेत, तरीही उलट्या थांबत नाहीत, अशा प्रौढ रुग्णांना ड्रोनॅबिनॉल, नॅबिलोन किंवा दर्जा तपासलेला तोंडावाटे घ्यायचा टीएचसी-सीबीडी अर्क देता येईल. या वाक्यातली ‘नियमाप्रमाणे सगळी औषधं दिली आहेत’ ही अट तुमच्या घरी पुरी झाली आहे का? पत्रावरून मला तसं वाटत नाही.

लाल औषध म्हणजे बहुधा डॉक्सोरुबिसिन आणि जोडीचं सायक्लोफॉस्फमाइड. ही जोडी सर्वांत जास्त उलट्या आणणाऱ्या गटात मोडते. या गटात काहीच प्रतिबंध केला नाही तर १०० पैकी ९० हून अधिक जणांना उलट्या होतात. म्हणून अशा केमोला आज चार औषधं एकत्र देतात : ऑन्डान्सेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉनसारखं एक, ॲप्रेपिटंटच्या गटातलं एक, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि ओलान्झापिन. तुम्ही लिहिलेल्या गोळ्यांत मला एकच दिसतं, तेही ‘झाली तर घ्या’ या बोलीवर. बाकीची सलाईनमधून दिली असतील. केमोच्या आधी लावलेल्या छोट्या बाटल्यांत काय होतं हे घरच्यांना क्वचितच माहीत असतं. त्यामुळे मी तुमच्या डॉक्टरांना दोष देत नाही. पण विचारा. आणि उलटी झाल्यावर गोळी घेणं म्हणजे पूर आल्यावर बांध घालणं. ही औषधं ठरल्या वेळी, उलटी असो वा नसो, घ्यायची असतात.

ओलान्झापिनबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या आईचा त्रास नेमका त्याच्या वाट्याचा आहे. २०१६ मध्ये ३८० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना बाकीची तीन औषधं होती. निम्म्यांना ओलान्झापिन, निम्म्यांना खोटी गोळी. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत अजिबात मळमळ नसलेले ४२ टक्के विरुद्ध २५ टक्के. मळमळ ही उलटीपेक्षा चिवट असते. उलटी थांबवणाऱ्या कितीतरी गोळ्या तिच्यापुढे हात टेकतात. हे औषध तिथेही उपयोगी पडलं. गुंगी यानेही येते, म्हणून रात्री देतात, आणि वयस्कर रुग्णांत कमी मात्रा निवडतात. झोपेच्या गोळीबरोबर ते कसं द्यायचं, की झोपेची गोळी त्या दिवसांत बंद ठेवायची, हे डॉक्टर ठरवतील. एक सूचना : पाकिटातली चिठ्ठी आईला वाचायला देऊ नका असं मी म्हणणार नाही, पण आधी सांगून ठेवा. त्यात स्किझोफ्रेनिया वगैरे लिहिलेलं असतं, कारण हे मुळात मानसिक आजारांवरचं औषध आहे. ‘मला वेड लागलंय असं समजता का’ म्हणून गोळी ठेवून दिलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

पत्रातल्या आणखी दोन गोष्टींवर तुम्ही एकेकच वाक्य खर्च केलंय. पोट साफ होत नाही, हे पहिलं. ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं. खाणं-पिणं कमी, हालचाल कमी, त्यात ही गोळी. तुंबलेलं पोट स्वतःच मळमळ वाढवतं, मग आपण आणखी गोळी घेतो, मग पोट आणखी तुंबतं. केमोच्या दिवसापासूनच सौम्य रेचक सुरू करायचं का, हे विचाराच. पण पोट फुगलंय, दुखतंय आणि वायूही सरत नाही असं असेल तर रेचक देऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.

दुसरं ते लिफ्टचं. लिफ्टपाशी अजून औषध शरीरात गेलेलं नसतं, तरी उमळतं. याला आगाऊ मळमळ म्हणता येईल. मागच्या दोन वेळचा अनुभव मेंदूने त्या जागेशी, त्या वासाशी बांधून टाकलाय. हा मनाचा दुबळेपणा नाही, आणि ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणून तो जातही नाही. आधी झालेल्या उलट्या जितक्या जास्त तितका हा धागा घट्ट, म्हणून येणारी सायकल कोरडी जाणं हाच त्यावरचा मोठा उपाय. जोडीला श्वासाचे आणि शिथिलीकरणाचे व्यायाम, संमोहन, त्या जागेची भीती पायरीपायरीने घालवणारे मानसोपचार यांचा उपयोग होतो. कधी आदल्या रात्री आणि सकाळी चिंता कमी करणारी गोळीही देतात. शक्य असेल तर दुसऱ्या दाराने, जिन्याने न्या. साधी गोष्ट आहे, पण करून बघायला काही लागत नाही.

हे सगळं करूनही तिसरी सायकल तशीच गेली, तर मग कॅनाबिनॉइडचा प्रश्न रास्त आहे आणि तो डॉक्टरांसमोर ठेवायला अजिबात संकोच करू नका. ही औषधं मिळतात की नाही, कोण लिहून देऊ शकतं, हे देशोदेशी वेगळं आहे. एका देशात कायदेशीर असलेली कॅप्सूल दुसऱ्या देशाच्या विमानतळावर गुन्हा ठरू शकते, तेव्हा नातेवाइकांकडून मागवण्याच्या फंदात पडू नका. मिळालं आणि डॉक्टरांनी लिहून दिलं, तर त्याचं तंत्र असं : ते केमोच्या एक ते तीन तास आधी सुरू करतात, कधी आदल्या रात्रीपासून. लहान मात्रेने. पोटातून जाणारं टीएचसी भरवशाचं नसतं. बरंचसं यकृतातच मोडतं, रक्तात थोडंच पोचतं, आणि कुणाला अर्ध्या तासात तर कुणाला दोन तासांनी जाणवतं. ‘काहीच होत नाही’ म्हणून तासाभरात दुसरी मात्रा घेणारे मग दोन्हींचा परिणाम एकदम भोगतात. पहिल्या वेळी जवळ कुणीतरी असावं. तोंड कोरडं पडेल, डोकं हलकं वाटेल, वेळ हळू सरतोय असं वाटेल. भीती वाटली तर शांत, उजेडाच्या खोलीत बसवा आणि सांगा की काही तासांत हे उतरतं. बिछान्यातून उठताना आधी कडेला बसायचं, मग उभं राहायचं. त्या काळात गाडी चालवायची नाही, दारू नाही. घरात लहान मूल असेल तर कपाटाला कुलूप. आणि आईला किंवा जवळच्या नात्यात कुणाला भ्रम होणारा मानसिक आजार झाला असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर ते आधीच सांगा. अशा माणसांना हे औषध सहसा देत नाहीत.

मग बाटलीतलं तेल का नको? एकतर त्यात काय आहे हे तुम्हाला, मला, विकणाऱ्याला, कुणालाच ठाऊक नाही. २०१७ मध्ये इंटरनेटवर विकली जाणारी सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली गेली. लेबलवर लिहिलेलं प्रमाण बरोबर निघालं फक्त २६ मध्ये, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. आणि ही तर लेबल असलेली उत्पादनं होती. ‘सीबीडीच आहे, त्याने नशा होत नाही’ असं भाऊ म्हणेल. सीबीडी निरुपद्रवी नाही. जास्त मात्रेत यकृताची एन्झाइम वाढतात आणि इतर औषधं मोडणाऱ्या यकृताच्या यंत्रणेत ते ढवळाढवळ करतं. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांत त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. केमोच्या रुग्णाच्या यकृतावर आधीच पुरेसं काम असतं.

ओढण्याचा तर विचारही नको. गांजाच्या पानाफुलांवर ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असू शकतात. पांढऱ्या पेशी घटलेल्या माणसाच्या फुफ्फुसात ते गेले तर संसर्ग जिवावर बेततो. आणि आईला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरविरुद्ध उभी करणारा उपचार, चालू असेल किंवा पुढे ठरली असेल, तर कॅनाबिनॉइडपासून लांबच राहायला सांगतात. काही पाहण्यांमध्ये ते घेणाऱ्यांना उपचाराचा लाभ कमी झालेला दिसला आहे.

‘गाठही विरघळते’ हे मेसेजमधलं खोटं अर्धं. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी मारणारी द्रव्यं शेकडो आहेत. माणसातली गाठ ही निराळी गोष्ट. वर सांगितलेल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनातच स्पष्ट म्हटलंय की संशोधनाच्या चौकटीबाहेर कॅन्सरवरचा उपचार म्हणून गांजा वापरू नये. आई ‘केमो नको’ म्हणतेय आणि घरात ‘तेलाने गाठ जाते’ असं कुणी म्हणतंय, या दोन वाक्यांची गाठ पडू देऊ नका. मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त भीती त्याची वाटली.

आता चोरून देण्याबद्दल. काही वर्षांपूर्वी माझ्या रात्रपाळीत एका काकांना आणलं होतं. केमोनंतरचा तिसरा दिवस, छातीत धडधड, असंबद्ध बोलणं. ‘घड्याळ थांबलंय’ असं सारखं म्हणत होते. कॅन्सर मेंदूत गेला की काय, रक्तातलं मीठ कमी झालंय की काय, संसर्ग आहे की काय, म्हणून रात्रभर रक्त काढलं, स्कॅन केला. बायको बाहेर बाकावर रडत होती. पहाटे मुलाने मला गाठलं आणि खिशातून छोटी बाटली काढली. मी त्याच्यावर चिडले. मग तो म्हणाला, ‘तुम्हाला आधी विचारलं होतं मॅडम. तुम्ही म्हणालात, असलं काही मनातसुद्धा आणू नका.’ खरं होतं ते. त्याने विचारलं होतं आणि मी दार लावून घेतलं होतं. काका दुपारपर्यंत शुद्धीवर आले. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या रुग्णाला स्वतःहून विचारते, आणखी काय घेताय, कुणी काय दिलंय. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नसेल, तर तुम्ही सांगा. हे एवढं वाचून दाखवलंत तरी चालेल : ‘दुसऱ्या सायकलनंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत रोज पाच-सहा उलट्या, चार किलो वजन कमी, पोट साफ नाही, लिफ्टपाशीच मळमळ. दहाव्या रात्री घरी गांजाच्या तेलाचे दोन थेंब दिले, ही बाटली. ॲप्रेपिटंट आणि ओलान्झापिन दिलं जातंय का? नसेल तर या वेळी देता येईल का?’ आणि हे सायकलच्या दिवशी गर्दीत नको, उद्या-परवाच फोन करून वेळ घ्या. औषधं बदलायची तर आधी ठरावी लागतात.

भावाला काम द्या. त्याचं चुकलंय, पण आईची बादली रोज तोच रिकामी करत असेल तर त्याच्या मनात काय चाललं असेल हे मला कळतं. त्याला एक वही द्या : केमोपासून पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, मळमळ शून्य ते दहा किती, उलट्या किती, पाणी किती टिकलं, लघवी किती वेळा, कुठली गोळी किती वाजता. पुढचा निर्णय याच वहीवर होणार आहे. आणि त्यालाच सांगा की चोवीस तास पाण्याचा घोटही टिकला नाही, लघवी फार कमी झाली, उलटीत रक्त दिसलं, डोकं फार दुखलं, बोलणं भरकटलं किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला, तर वही मिटून गाडी काढायची.

राहिली आई. तिला सांगायचंय, आणि डॉक्टरांकडे जाण्याच्या आधी सांगायचंय, नाहीतर तिथल्या टेबलावर बाटली बघून तिला कळेल. ती चिडेल. चिडू द्या. ज्या बाईच्या शरीरात काय जातंय ते गेले काही महिने दुसरेच ठरवतायत, तिच्या चमच्यातही आपण न विचारता काही घातलं, हे तिला लागणारच. पुढे कधी नॅबिलोनची कॅप्सूल देऊ केली गेली, तर ती नशा नसून मोजलेलं औषध आहे, हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आणि तरीही ती नको म्हणाली, तर विषय तिथे संपला. तिचं ‘पुढची केमो नको’ हेही तिला पूर्ण बोलू द्या. बहुतेकदा त्यामागे ‘असे पाच दिवस पुन्हा नकोत’ एवढंच असतं, आणि त्या पाच दिवसांचं आपल्याला बरंच काही करता येतं. सुरुवात कशी करावी सुचत नसेल तर अशी करा : ‘आई, परवा सकाळी तुला गुंगी का आली होती ते मला ठाऊक आहे.’ भावाला शेजारी बसवा. पुढचं त्याने बोलायचं.